आयपॅडवरचे चार्ट: लाइनवर नव्याने येणाऱ्या वैमानिकासाठी

नव्या फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) हातात कंपनीचा आयपॅड पडला की पहिल्या दिवशी काय होतं, ते मी बरेचदा पाहिलंय. दोन बोटांनी नकाशा मोठा करून बघतो, दिवसाचे-रात्रीचे रंग बदलून बघतो, मुंबईच्या टॅक्सी चार्टवर (जमिनीवर विमान चालवायच्या वाटांच्या नकाशावर) एखादं स्टँड, म्हणजे विमान उभं करायची जागा, शोधतो आणि म्हणतो, "सर, सोपंय हे." बटणं सोपीच आहेत, त्यात वाद नाही. पण लाइन ट्रेनिंगमध्ये (कंपनीच्या प्रत्यक्ष उड्डाणांवरच्या प्रशिक्षणात) मुलं अडतात ती बटणांवर नाही. चुकीचा चार्ट उघडलेला असतो, किंवा चार्ट बरोबर पण तारीख जुनी असते, किंवा दोन्ही बरोबर असूनही महत्त्वाची ओळ पडद्याच्या बाहेर राहिलेली असते. हा लेख या तीन गोष्टींसाठी आहे. विमान कंपनीत येणाऱ्यांसाठी आणि बिझनेस जेट उडवणाऱ्यांसाठीही. जिथे दोघांचं वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

आधी थोडा इतिहास, कारण चार्टची मांडणी अशी का आहे ते त्यातून कळतं. 1930 च्या सुमारास एल्री जेपेसन नावाचा अमेरिकन टपाल वैमानिक दहा सेंटच्या काळ्या वहीत नोंदी करायचा: डोंगर किती उंच, शेत कुठे, धावपट्टी केवढी. इतर वैमानिक ती वही मागू लागले, म्हणून 1934 मध्ये त्याने तिच्या प्रती विकायला काढल्या. त्या वहीची पानं सुटी होती, माहिती बदलली की तेवढंच पान बदलायचं. पुढे जगभरातल्या कॉकपिटमध्ये जाडजूड बाइंडर आले, आणि दर काही दिवसांनी पाकिटातून येणारी नवी पानं लावत बसणं हा वैमानिकाच्या सुट्टीचा एक भाग झाला. अमेरिकन एअरलाइन्सने 2013 मध्ये ही कागदी बॅग पूर्णपणे काढून टाकली तेव्हा एकेका बॅगेचं वजन 35 पौंड, म्हणजे जवळजवळ 16 किलो होतं. वजन गेलं. पान बदलायची जबाबदारी मात्र तुमच्याकडेच आहे, फक्त आता ती एका बटणामागे आहे.

पायरी 1: ॲप उघडण्याआधी क्रमांक शिका

बाजारात मुख्य ॲप तीन-चारच आहेत. जेपेसनचं फ्लाइटडेक प्रो, लुफ्तान्सा सिस्टिम्सचं लिडो, एअरबसच्या नॅव्हब्लूचं चार्ट्स प्लस; छोट्या विमानांत आणि कॉर्पोरेटमध्ये (बिझनेस जेटमध्ये) फोरफ्लाइटही दिसतं. तुमची कंपनी जे देईल ते वापरायचं, त्यात निवड नसते. मी इथे उदाहरणं जेपेसनची देतो, कारण आपल्याकडे "जेप" म्हटलं की चार्ट असाच अर्थ घेतात.

जेपच्या प्रत्येक चार्टला क्रमांक असतो, आणि तो मनाला येईल तसा दिलेला नसतो. पहिला आकडा म्हणजे त्या शहरातला कितवा विमानतळ. दुसरा आकडा चार्टचा प्रकार सांगतो: 0 म्हणजे परिसर, सिड (निघायचा ठरलेला मार्ग), स्टार (पोहोचायचा ठरलेला मार्ग) आणि विमानतळाचा आराखडा, 1 म्हणजे आयएलएस (रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरवणारी यंत्रणा), 2 म्हणजे उपग्रहावर आधारलेला अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे यायची पद्धत), 3 व्हीओआर, 6 एनडीबी (दोन्ही जमिनीवरची दिशादर्शक रेडिओ केंद्रं). डॅशनंतरचा आकडा क्रमाचा. म्हणून 10-2 स्टार, 10-3 सिड, 10-9 विमानतळाचा आराखडा, 11-1 पहिला आयएलएस. शहरातल्या दुसऱ्या विमानतळाचे चार्ट 20, 21 असे सुरू होतात.

हे पाठ कशाला करायचं, यादीत नाव लिहिलेलं असतंच की, असं वाटेल. कारण दहा हजार फुटांच्या खाली, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) अचानक धावपट्टी बदलली की तुम्हाला यादी वाचायला वेळ नसतो. "अकरा-दोन काढ" म्हटल्यावर हात तिथे गेला पाहिजे.

पायरी 2: यंत्र

कंपनीचा आयपॅड असेल तर त्याच्या सेटिंगला हात लावू नका, आणि आयओएसचं नवं व्हर्जन आलं म्हणून आपल्या मर्जीने ते टाकून घेऊ नका. चार्टचं ॲप त्या व्हर्जनवर चालतं का, हे कंपनी तपासते आणि मग परवानगी देते. चार्ट दाखवणारं ॲप मंजुरीशिवाय कॉकपिटमध्ये वापरता येत नाही. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक नियामकाची, त्यासाठी प्रक्रिया आहे आणि तुमच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये ईएफबीवर (कॉकपिटमधल्या अशा आयपॅडवर) स्वतंत्र भाग असतो. तो भाग वाचा. खरंच वाचा. दोन आयपॅडपैकी एक बंद असेल तर निघायचं की नाही, चार्जिंग किमान किती हवं, याची उत्तरं तिथेच असतात आणि ती प्रत्येक कंपनीत वेगळी असतात.

कॉर्पोरेटवाल्यांनी स्वतः आयपॅड घ्यायचा असेल तर एक गोष्ट: फक्त वाय-फाय असलेल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतो. सेल्युलर (मोबाइल नेटवर्कचं) मॉडेल घ्या, नेटवर्क चालू केलं नाही तरी चालेल, किंवा बाहेरून जोडायचा जीपीएस रिसीव्हर घ्या. दुकानदार हे सांगत नाही.

मग ऊन. ॲपलच्या मते आयपॅड 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरायचा. नागपूरला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि ऊन खाणाऱ्या काचेला सक्शन कपने लटकवलेला आयपॅड हवेपेक्षाही जास्त तापतो. आधी पडदा मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, शेवटी थर्मामीटरचं चित्र येतं आणि सगळं बंद. टर्नअराउंडच्या वेळी (दोन उड्डाणांमधल्या थांब्यात) तो काचेवरून काढून सावलीत ठेवायची सवय लावा. तापलेला आयपॅड एकदम एसीच्या झोतासमोर धरू नका, आत दव धरतं. हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे, त्यामुळे सल्ला मोफत.

पायरी 3: तारीख

चार्टची दुनिया 28 दिवसांच्या चक्रावर चालते. त्याला एअरॅक म्हणतात. जगभरात बदल एकाच ठरलेल्या गुरुवारी लागू होतात. चक्राचा क्रमांक चार आकडी असतो, पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन त्या वर्षातल्या चक्राचे. 2601 हे चक्र 22 जानेवारी 2026 ला लागू झालं, 2602 हे 19 फेब्रुवारीला. वर्षात सहसा तेरा चक्रं बसतात. 2020 मध्ये चौदा बसली होती.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) मोजतात. यूटीसीचा गुरुवार आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. म्हणजे बुधवारी रात्री अकराला पुण्याहून निघून पहाटे साडेसहाला कुठेतरी उतरणार असाल, तर निघताना एक चक्र आणि उतरताना दुसरं. ॲपमध्ये सहसा चालू आणि पुढचं अशी दोन्ही चक्रं ठेवता येतात. पुढचं चक्र आधीच उतरवून घ्या. हॉटेलच्या वाय-फायवर भरवसा ठेवून बुधवारच्या रात्रीपर्यंत थांबणारे मी ब्रीफिंग रूममध्ये मोबाइलचा हॉटस्पॉट शोधत फिरताना पाहिलेत.

अपडेट झालं की तीन गोष्टी बघा. ॲपमधला चक्र क्रमांक. एफएमएसमधला (विमानाच्या मार्ग आखणाऱ्या संगणकातला) चक्र क्रमांक, आणि दोन्ही एकच आहेत ना. आणि कुठलाही एक चार्ट उघडून त्यावरची लागू होण्याची तारीख. जेपच्या चार्टच्या तळाशी बारीक अक्षरात काय बदललं ते एका ओळीत लिहिलेलं असतं. नेहमीच्या विमानतळांवर ती ओळ वाचायला पाच सेकंद लागतात, आणि "हा तर मला पाठ आहे" असं वाटणाऱ्या विमानतळावर तीच सगळ्यात उपयोगी पडते.

एक नियम माझा: कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसरचे आयपॅड एकाच वेळी, एकाच ठिकाणी अपडेट करू नका. एप्रिल 2015 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची डझनावारी उड्डाणं गेटवरच अडकली, कारण वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक चार्ट डेटाबेसमध्ये दोनदा आला होता आणि त्यामुळे आयपॅडवरचं ॲप बंद पडत होतं. बॅग हलकी झाली तरी दोन बॅगा वेगवेगळ्या असाव्यात, एवढंच.

आणि एअरॅक म्हणजे सगळं नाही. मधल्या दिवसांत येणारे बदल नोटॅममध्ये (वैमानिकांसाठी निघणाऱ्या तातडीच्या सूचनांमध्ये) असतात. मुंबईत पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्टी दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवतात. ते चार्टवर कधीच दिसणार नाही. चार्टवर सगळं हिरवंगार आणि नोटॅममध्ये आयएलएस बंद, असं होतं. नोटॅम जिंकतो.

कॉर्पोरेटमध्ये डिस्पॅच (उड्डाणाची आखणी करणारा) विभाग नसतो किंवा एकच माणूस असतो, म्हणून आणखी एक तपासा: तुमच्या सबस्क्रिप्शनमध्ये तो देश आहे का. मालेला जायचं ठरलं आणि निघताना कळलं की आपल्याकडे फक्त भारताचेच चार्ट आहेत, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

पायरी 4: फ्लाइट भरणं

निघायचं ठिकाण, पोहोचायचं ठिकाण, पर्यायी विमानतळ, मार्ग. मोठ्या कंपन्यांत हे डिस्पॅचकडून आपोआप येतं, आणि तिथेच सुस्ती येते. आलेलं वाचा.

गोव्याचंच बघा. दाबोळीचा कोड व्हीओजीओ आणि मोपाचा व्हीओजीए. शेवटचं एकच अक्षर वेगळं, आणि यादीत दोन्ही खालीवर. एका दिवशी माझ्या शेजारच्या मुलाने दाबोळीच्या उड्डाणात मोपाचे चार्ट बाजूला लावून ठेवले होते. वेळेत सापडलं म्हणून गोष्ट. दाबोळी नौदलाचं, मोपा खासगी. धावपट्ट्या, अप्रोच, जमिनीची उंची सगळं वेगळं. आता मुंबईलाही नवी मुंबईचा जोडीदार आलाय. शहराच्या नावाने शोधू नका. चार अक्षरी कोडने शोधा, आणि चार्ट उघडल्यावर वरच्या कोपऱ्यातलं नाव मोठ्याने वाचा. मोठ्याने, कारण शेजारचाही ऐकतो.

मग लागणारे चार्ट एका ठिकाणी लावून ठेवा. प्रत्येक ॲपमध्ये या सोयीचं नाव वेगळं, पण काम एकच: पटकन हाताशी. माझा क्रम असा: आराखडा, सिड, निघालेल्या विमानतळावर परत उतरावं लागलं तर लागणारा अप्रोच, मग पोहोचायच्या ठिकाणचा स्टार, अपेक्षित अप्रोच, दुसऱ्या धावपट्टीचा अप्रोच, आराखडा. शेवटी पर्यायी विमानतळाचे. परत उतरायचा चार्ट नवे लोक विसरतात. टेकऑफनंतर इंजिनचा आवाज बदलला की तोच पहिला हवा असतो.

पायरी 5: टॅक्सी

आराखड्यावर स्वतःच्या विमानाचं छोटं चिन्ह हलताना दिसतं, आणि ते पाहून नव्या माणसाला खेळ खेळल्यासारखं वाटतं. ते चिन्ह मदतीला आहे. खिडकीबाहेर दिसणाऱ्या पिवळ्या रेषा आणि पाट्या हाच पुरावा. 2023 पासून पश्चिम आशियाच्या आकाशात जीपीएसचे खोटे संकेत सोडण्याचे प्रकार वाढले, नोव्हेंबर 2023 मध्ये डीजीसीएनेही त्यावर सूचना काढल्या. विमानाचा जीपीएस फसतो तसा आयपॅडचाही फसतो, आणि आयपॅड तुम्हाला इशारा देईलच असं नाही. चिन्ह शेजारच्या टॅक्सीवेवर उडी मारलेलं दिसलं तर विमान थांबवा आणि टॉवरला विचारा. विचारल्याबद्दल आजवर कोणाचं लायसन्स गेलेलं नाही.

क्लिअरन्स (टॅक्सीची परवानगी) मिळाल्यावर मार्ग बोटाने किंवा पेनने चार्टवर काढून ठेवता येतो. चांगली सवय आहे. फक्त उतरल्यावर पुसा. परवाचा मार्ग आजच्या चार्टवर राहिला की गोंधळ पक्का.

पायरी 6: वरती

एन-रूट नकाशा (दोन विमानतळांमधल्या मार्गांचा) आणि टर्मिनल चार्ट (विमानतळाजवळचे) यांत एक फरक आहे जो कोणी शिकवत नाही. सिड, स्टार, अप्रोच हे चार्ट तयार पानं आहेत, माणसाने एकेक ओळ बघून मांडलेली. एन-रूट नकाशा मात्र त्या क्षणी डेटामधून काढला जातो. तुम्ही लांबून बघितलं की ॲप गर्दी कमी करायला काही बिंदू, काही हद्दी लपवतं. म्हणून दिसत नाही याचा अर्थ तिथे नाही असा घेऊ नका. प्रतिबंधित क्षेत्राच्या जवळून मार्ग जात असेल तर जवळ जाऊन बघा. आणि डोंगराळ भागावर, विशेषतः हिमालयाकडे, ग्रिड मोराचा थर चालू ठेवा: त्या चौकटीतल्या सगळ्या उंचवट्यांपासून, जमीन पाच हजार फुटांपर्यंत असेल तर हजार फूट आणि त्याहून उंच असेल तर दोन हजार फूट मोकळीक देणारा आकडा.

पायरी 7: अप्रोच

इथे घाई नको. कागदाचं पान टेबलावर ठेवलं की सगळं एकदम दिसायचं: वर ब्रीफिंगची पट्टी, मध्ये वरून पाहिलेलं चित्र, त्याखाली बाजूने पाहिलेलं उतरण, तळाशी मिनिमा (उतरण्यासाठीच्या किमान मर्यादा). आयपॅडवर तुम्ही मधलं चित्र मोठं केलं की बाकी तिन्ही गायब. उलट, पूर्ण पान बसवलं तर अक्षरं मुंगीएवढी. मी शिकवतो ते असं: पूर्ण पानावर सुरुवात करा, पट्टी डावीकडून उजवीकडे वाचा, मिस्ड अप्रोचची (उतरणं सोडून परत वर जायची) सूचना तिथेच शब्दशः बोला, मग कोपऱ्यातला 25 मैलांच्या वर्तुळातला एमएसए, म्हणजे किमान सुरक्षित उंची. त्यानंतर हवं तेवढं मोठं करा. ब्रीफिंग संपल्यावर परत पूर्ण पानावर या आणि तसंच ठेवा.

मोठं केल्यावर काय हरवतं याचं उदाहरण आपल्याच शहरात घडलेलं आहे. मुंबईला पश्चिमेकडून धावपट्टी 09 कडे येताना वाटेत, काही किलोमीटर आधी, जुहूची छोटी धावपट्टी 08 लागते. दिशा जवळजवळ तीच. 1953 मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट चुकून तिथे उतरलं. 1972 च्या सप्टेंबरमध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझ (मुंबईचा मुख्य विमानतळ) समजून जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपवून पुढे गेलं. तेव्हा आयपॅड नव्हते. आज मात्र नुसत्या शेवटच्या पाच मैलांवर झूम करून बसलात तर जुहू तुमच्या चार्टवरही नसेल. शेजारचा विमानतळ चार्टवर दाखवतात तो शोभेसाठी नाही.

मग चार्ट आणि एफएमएस ओळीने जुळवा. बिंदूंची नावं, उंचीच्या मर्यादा, अंतिम दिशा, उतरणीचा कोन. एक जण आयपॅडवरून वाचतो, दुसरा एफएमएसवरून, आणि तो आयपॅडकडे बघत नाही. हा खेळ कंटाळवाणा आहे. 20 डिसेंबर 1995 ला कोलंबियात कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं 757 डोंगरावर आदळलं, 159 माणसं गेली. चार्टवर रोझो नावाच्या बीकनची (रेडिओ केंद्राची) ओळख "आर" होती. एफएमएसमध्ये "आर" टाकल्यावर पहिलं नाव आलं ते बोगोटाजवळच्या रोमिओचं, आणि विमान तिकडे वळलं. त्या दिवशी चार्ट बरोबर होता, एफएमएसमधला डेटाही आपल्या जागी बरोबर होता. दोघांची गाठ कोणी घातली नाही.

मिनिमाच्या चौकटीत आपल्या विमानाचा गट (अप्रोचच्या वेगावरून ठरणारा) बघा: एटीआर 72 बी गटात, ए320 सी गटात, 777-300ईआर डी गटात. कॅट वन (सर्वांत साध्या प्रकारच्या) आयएलएसला निर्णयाची उंची 200 फुटांखाली आणि आरव्हीआर (धावपट्टीवरची दृश्यता) 550 मीटरखाली नसतो, हे डोक्यात असलं की चौकटीतला विचित्र आकडा लगेच खटकतो. कंपनीचे स्वतःचे मिनिमा असतील तर ते वेगळ्या पानावर असतात. जास्त कडक आकडा धरायचा.

रात्री पडद्याचा गडद रंग लावा आणि उजेड कमी करा, पण हे उतरणीच्या आधी. धुक्यात, पाचशे फुटांवर ब्राइटनेसची पट्टी शोधणारा फर्स्ट ऑफिसर कॅप्टनला आवडत नाही.

पायरी 8: बंद पडलं तर

आपला आयपॅड गेला तर आधी बोला: "माझा चार्ट गेला." लपवू नका, स्वतःशी खटपट करत बसू नका. विमान उडवणाऱ्यासमोर चार्ट राहील अशी अदलाबदल करा. दोन्ही गेले तर एफएमएसमध्ये अप्रोच आहेच. रेडिओवर एटीसीकडून मिनिमा आणि मिस्ड अप्रोच मागून घेता येतो, काही कंपन्या कॉकपिटमध्ये छापील प्रतींचा छोटा संच ठेवतात. तो कुठे आहे हे आज, जमिनीवर असताना बघून ठेवा. सीटखालून धूर येत असेल तर मात्र चार्टचा विचार सोडा. लिथियम बॅटरीची आग ही वेगळी चेकलिस्ट आहे, आणि केबिन क्रूकडे त्यासाठीचं साहित्य असतं.

अजून कंपनीचा आयपॅड मिळाला नसेल, तर विमानतळ प्राधिकरणाचं ई-एआयपी (विमानतळांची अधिकृत माहिती आणि चार्ट) इंटरनेटवर फुकट आहे. मुंबईचा आराखडा आणि एक आयएलएस चार्ट उतरवून घ्या, कागदावर छापा, आणि भिंतीवर लावा. मग कधी तरी मित्राच्या जेपवरचा तोच चार्ट शेजारी धरून बघा: काय कुठे हललंय, कोणती टीप एकीकडे मोठी आणि दुसरीकडे बारीक आहे. पहिल्या लाइन फ्लाइटच्या आधी आपल्या तळावरच्या विमानतळाचे चार्ट असे छापून बघितलेली मुलं मला पहिल्याच टॅक्सीत ओळखू येतात. त्यांची मान आयपॅडकडे कमी आणि खिडकीबाहेर जास्त असते.